काडी मोडायच्या आधी या

माझ्या बैठकीत रडायची एक जागा ठरलेली होती. दारातून आत आलं की उजव्या हाताला, माठाशेजारी, सतरंजीचा एक तुकडा टाकलेला असायचा. आलेल्या माणसानं आधी तिथं बसायचं, हवं तेवढं रडायचं, पाणी प्यायचं आणि मग माझ्यासमोर येऊन बोलायचं. ही शिस्त माझी नाही, माझे उस्ताद मीरसाहेब यांची. धाराशिवच्या अदालतीत त्यांच्याइतका दमाचा वकील मी दुसरा पाहिला नाही. नवी सनद घेऊन मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा एका बाईला ऐन हुंदक्यातच सवाल विचारायला लागलो होतो. मीरसाहेब पान चघळत म्हणाले, "अरे मियाँ, पहले रोने देव उसको. रोते वखत आदमी दुख बोलता, बात नहीं बोलता. बात बाद में आती." वकिलीच्या परीक्षेत पास व्हायला मी रात्रंदिवस घोकंपट्टी केली होती, पण धंदा शिकलो तो ह्या एका वाक्यापासून.

ते दिवस निजामाचे. कोर्टाची भाषा उर्दू. मुवक्किल, म्हणजे ज्याचं वकीलपत्र आपण घेतलंय तो, मराठीत बोलायचा. नळदुर्गच्या बाजूचा असला तर मधेच कानडीत शिरायचा. आम्ही ते सगळं उर्दूत मांडायचं. फैसला वाचून झाला की बिचारा माझ्या तोंडाकडं बघायचा, "काय झालं वकीलसाब? जितलो का हारलो?" स्वतःच्या घराचं काय झालं हे माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. ह्याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आताही वाटतं.

आमच्यात मान होता जमिनीच्या दाव्यांना. जमिनीचे खटले लढणारा वकील शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून चालायचा. माझ्याकडं यायची ती घरातली भांडणं. नवऱ्यानं टाकलेली बाई, पोटगी, दत्तक, भावाभावांची वाटणी, लेकरू आईकडं का बापाकडं. दोस्तमंडळी चिडवायची, "या या, चूलबोळकीवाले वकील आले!" मीही ऐकून घेणाऱ्यातला नव्हतो. म्हणायचो, "तुमच्या बांधावर कुसळं उगवतात, माझ्या चुलीवर माणसं जगतात." मग चहा यायचा आणि भांडण मिटायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, घरचा कायदा म्हणजे एक जाडजूड पुस्तक असणार. आता आहेही तसं. आमच्या वेळी मात्र निम्मा कायदा पुस्तकात आणि निम्मा लोकांच्या वागण्यात होता. तुमच्या जातीत, तुमच्या गावात पिढ्यान् पिढ्या काय चालत आलंय, हे साक्षीदारांनी शाबीत करायचं आणि कोर्टानं ते मानायचं. कितीतरी शेतकरी जातींत काडीमोड चालायची. नवरा-बायकोचं जमेना झालं की पंच बसायचे, नवऱ्याच्या हातात एक काडी द्यायचे, त्यानं ती सगळ्यांदेखत कडकन मोडायची. संपलं. बाई मोकळी, गडी मोकळा. दोघांनाही दुसरा घरोबा करायची मुभा. शहरातल्या शिकलेल्या लोकांत बाई जन्मभर अडकून पडायची, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

पण त्यात एक मेख होती. पंचांसमोर जे तोंडानं बोललं जाईल तेवढंच ठरलं. जे बोललं गेलं नाही ते नवऱ्याकडं राहिलं. रागाच्या भरात बसलेल्या माणसांना बैल आठवायचे, भांडी आठवायची, अंगावरचे डागदागिने आठवायचे. लेकरू कुणाच्याच ध्यानात यायचं नाही! ते बिचारं अंगणात खेळत असायचं. काडी मोडली की चार-दोन महिन्यांनी बाई माझ्या माठापाशी येऊन बसायची. मी कपाळावर हात मारून म्हणायचो, "अगं बाई, आधी का नाही आलीस?" त्यातल्या कितीतरी जणींसाठी मला काही करता आलं नाही. ते तोंडवळे अजून आठवतात.

म्हणून कुणी विचारलं की वकिलाकडं कधी जावं, तर मी एवढंच सांगतो, की काडी मोडायच्या आधी. अंगठा उठवायच्या आधी. भांडायला नव्हे, नुसतं विचारायला. आणि जे भांडण जेवायला बसल्यावर मिटण्याजोगं आहे, ते घेऊन वकिलाच्या दारात जाऊ नये. अर्थात हेही सगळ्यांना पटत नाही. नळदुर्गचे दोघे भाऊ होते, मोठे व्यापारी. वडील वारल्यावर दिवाळीच्या पूजेला पेढीवर कुणी बसायचं ह्यावरून त्यांचा दावा. तारखेला दोघं एकाच छकड्यातून यायचे, लिंबाखाली बसून एकाच फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे, हात धुवायचे आणि मग आपापल्या वकिलाकडं जायचे. मी थोरल्याला म्हणालो, "अप्पा, एक वर्ष तुम्ही बसा, एक वर्ष धाकट्याला बसवा." त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "एवढंच व्हय? मग आमी वकील कशाला केला?" काही माणसं कोर्टात जत्रेला आल्यासारखी येतात, त्यांचा आनंद आपण हिरावून घेऊ नये.

गिरजा मात्र जत्रेला आली नव्हती.

तिला तिचा भाऊ भानुदास तामलवाडीहून घेऊन आला. उंच, सावळी, पदर घट्ट खोचलेला. सतरंजीवर बसली, पाणी प्यायली आणि मी वाट बघत राहिलो. रडेचना. शेवटी तीच म्हणाली, "मला रडायचं न्हाय. माझी पोर पायजे."

हकीकत अशी. तिला बेंबळीला दिलेलं. सासरा दाजीबा गावातला वजनदार माणूस, स्वतः पंच. आसपासच्या गावांतून त्याला निवाड्याला बोलावणं यायचं. नवरा मारुती बार्शीला कापसाच्या जिनिंगात कामाला लागला आणि तिकडंच त्यानं दुसरी बाई केली. गिरजा म्हणाली, मला सवतीत राहायचं नाही. पंच बसले, काडी मोडली, कुणाचं कुणाकडं काही राहिलं नाही असं ठरलं. गिरजा लेकीला, मंजुळाला, घेऊन तामलवाडीला माहेरी आली. पोर लहान, नुकती कुठं बोबडं बोलायची थांबलेली. दसरा झाल्यावर दाजीबा आला. "नातीला तुळजापूरला देवीपुढं घालून आणतो," म्हणाला. गिरजानं पोरीची वेणी घालून दिली. दाजीबा तुळजापूरला गेला, दर्शन केलं आणि तिथून गाडी सरळ बेंबळीला हाकली. मागाहून निरोप आला, "पोर आमच्या रक्ताची हाय. आईनं काडी मोडून घेतली, तिचा संबंध सपला."

मी अर्ज केला. समोरून जबाब आला तो वाचून मी हबकलो. कायद्यानं बाप जिवंत असताना मुलाचा पहिला हक्कदार बाप. कोर्ट मुलाचं भलं बघून वेगळं ठरवू शकायचं, पण समोरच्यांनी लिहिलं होतं की ही बाई पोर टाकून माहेरी गेली. नंतर पोरीला चार दिवस मामाकडं पाहुणी म्हणून धाडली होती, आजोबानं माघारी आणली, त्यात गैर काय? पोर टाकून गेलेली आई! हा शब्द एकदा चिकटला की कुठलाही जज्ज त्या बाईच्या हातात लेकरू देणार नाही. बेंबळीतला एकही माणूस दाजीबाच्या विरुद्ध तोंड उघडणार नव्हता.

मी गिरजाला पुन्हा बोलावलं. म्हणालो, "चावडीत काय झालं ते सांगितलंस. तिथून पुढं सांग. घराबाहेर कशी पडलीस?"

"पडले की. गाडी आली, बसले."

"त्याच्या आधी, घरात?"

"घरात काय? बायकांचं आसतं त्ये."

"तेच सांग, बाई."

तिनं खाली बघत सांगितलं. "आत्याबाईनं मला पाटावर बसिवलं. कुकू लावलं. वटी भरली, खण, नारळ, तांदूळ. मंग मंजीला उचललं आन् माझ्या वटीत बसिवलं. म्हनल्या, 'ही तुला दिली. माझ्या ल्योकाला म्या सुधरवू शकले न्हाय. तू हिला चांगली वाढीव.' दोघी लई रडलो. मंग गाडी आली."

आत्याबाई म्हणजे सासू, राहीबाई. मी बसल्या जागी ताठ झालो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं लेकरू दत्तक देतात तेव्हा मंत्राबिंत्राच्या आधी ते घेणारीच्या ओटीत घालतात. ओटीत घातलं म्हणजे दिलं. सगळी बिरादरी हे मानते. पण चावडीतले पुरुष पंचायतीचं सांगतात आणि माजघरातल्या बायका घरातलं कुणाला सांगतच नाहीत, त्यामुळं एवढी मोठी गोष्ट गिरजाला सांगण्याजोगी वाटली नव्हती.

"झालं तुझं काम!" मी म्हणालो. "राहीबाईचं नाव साक्षीदारात घालतो."

"न्हाय."

"काय नाही?"

"आत्याबाईचं नाव घ्यायचं न्हाय. त्यास्नी त्या घरात ऱ्हायचंय. मामांजींच्या इरुद्ध कोर्टात हुब्या ऱ्हायल्या तर परत घरात घेतील का? म्हातारपनी कुठं जातील?"

मी चिडलो. खरंच चिडलो. "अगं, मग पोर जाईल!" भानुदासही ओरडला. तिचे डोळे पहिल्यांदा भरले, पण मान काही हलली नाही. "माझ्या पोरीसाठी त्यांचं घर मोडू? तसं नगं. दुसरं कायबी करा, वकीलसाब."

दुसरं काही नव्हतं. मी तणतणत मीरसाहेबांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुवक्किल की ना, ना होती मियाँ. केस उसकी है, तुम्हारी नहीं." मग थोडं थांबून म्हणाले, "लेकिन बच्ची को हाजिर करने की दरख्वास्त देव. माँ कम से कम देख तो लेगी." राहीबाईचं नाव घेणार नाही असा गिरजाला शब्द दिला आणि हाजिरीचा अर्ज केला, तो जज्जसाहेबांनी मंजूर केला. जास्तीच्या कुठल्या आशेनं मी ते केलं नव्हतं. आईला पोर बघायला मिळावी, एवढंच.

तारखेच्या दिवशी दाजीबाची गाडी आली. पुढं दाजीबा, पांढरा फेटा, काठी. आणि मागं पोरीला मांडीवर घेऊन राहीबाई! आजीशिवाय पोर गाडीत बसेना, म्हणून नाइलाजानं आणलेली. ती बाई कोर्टाच्या ओसरीत, खांबाला टेकून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसली. पोरीनं आईला पाहिलं आणि जी धावली! गिरजानं तिला असं उराशी धरलं की चपराशी अडवायला आला होता तो तसाच माघारी वळला. राहीबाई आणि गिरजा एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

काम सुरू झालं. समोरचे वकील माझे जुने मित्रच, आवाज खणखणीत. त्यांनी उर्दूत मांडणी केली आणि मग दाजीबाला समजावं म्हणून तेच मराठीत म्हणाले, "ही आई आपल्या पोटच्या पोरीला टाकून गेली!"

ओसरीतून आवाज आला, "खोटं हाय."

सगळे वळले. चपराशी "खामोश, खामोश" करत धावला. राहीबाई खांबाला धरून उभी राहिली होती. पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्यानं, "खोटं हाय त्ये. टाकून न्हाय गेली."

दाजीबाचा चेहरा मी पाहिला. राग नव्हता, नुसता भांबावलेला. ह्या बाईला आवाज आहे, हे जणू त्याला त्या दिवशी कळलं. गिरजा माझ्याकडं बघून जिवाच्या आकांतानं मान हलवत होती, नको, नको. मी तोंड मिटून उभा राहिलो. तिला शब्द दिला होता.

जज्जसाहेब हैदराबादचे, वयस्क, अंगानं किरकोळ. चष्म्यावरून बघत म्हणाले, "कौन है वो? अंदर बुलाव."

तिला आत आणलं, शपथ दिली. पेशकार इजहार, म्हणजे साक्ष, लिहून घ्यायला बसले. त्यांना मराठी चांगली यायची. तिनं आपलं नाव सांगितलं. "नवऱ्याचं नाव?" राहीबाई गप्प. "नवऱ्याचं नाव सांगा, बाई." गप्पच. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मग कोर्ट असो की काही असो. पेशकार वैतागले, पुन्हा विचारलं. शेवटी दाजीबाच बाकावरून घसा खाकरून म्हणाला, "लिवा. दाजीबा." कोर्टात दबकं हसू फुटलं. जज्जसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

"ही गिरजा तुमची कोण?"

"सून."

समोरचे वकील उसळून उठले. "हुजूर, काडीमोड हो चुकी. अब ये बहू नहीं रही."

राहीबाईला उर्दू कळत नव्हतं, पण काडीमोड कळलं. ती वकिलाकडं वळली. "काडी माझ्या ल्योकानं मोडली. म्या न्हाय मोडली."

पेशकारांची लेखणी थांबली. त्यांनी जज्जसाहेबांकडं पाहिलं आणि उर्दूत करून सांगितलं. जज्जसाहेबांनी गिरजाकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "लिखो. बहू."

मग तिनं ओटीचं सांगितलं, गिरजानं सांगितलं होतं अगदी तसंच. समोरचे वकील म्हणाले, हे बायकांचं भावनेचं, ह्याला कायद्यात अर्थ नाही. तेव्हा जज्जसाहेबांनी जे केलं ते मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. त्यांनी दाजीबालाच उभं केलं आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "तुम्ही पंच आहे ना? तुमच्या बिरादरीत बच्चा ओटीत डालला तर काय होतं?"

दाजीबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा. त्याच्या वकिलानं त्याला डोळ्यानं खुणावलं, माहीत नाही म्हण. एका शब्दाचं काम होतं! माहीत नाही म्हणाला असता तर खटला त्याचाच होता.

"दिलं आसं व्हतं," दाजीबा म्हणाला.

"मग परत मागतात?"

"न्हाय मागत, सरकार." तो जज्जसाहेबांकडं बघूनच बोलत होता. "मागितलं तर लोक तोंडावर थुकतील. म्या सोता आसल्या निवाड्यात बसलोय."

"तुम्हाला ठाऊक होतं, बीवीनं ओटीत घातली ते?"

"न्हवतं. माझ्या घरात मलाच ठावं न्हवतं." आणि तो खाली बसला. मी अदालतीत शपथेवर खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले, भले भले पाहिले. स्वतःच्या हातानं जिंकलेला खटला रिवाजापायी सोडून देणारा माणूस पुन्हा पाहिला नाही. त्या घटकेला मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

दुपारनंतर फैसला झाला. पोर आईकडं राहील, आजोबा-आजीला भेटायला मुभा. गिरजानं "जितलो का" म्हणून विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मंजुळाला कडेवर उचललं. आणि मग, अहो, मग रडली!

जज्जसाहेबांचे आभार मानायचे राहून गेले. पुढं निजामी गेली, अदालतीच्या पाट्या बदलल्या, फायली मराठीत आल्या, आणि ते हैदराबादला गेले ते पुन्हा भेटले नाहीत. मीरसाहेबही गेले. नवे कायदे झाले, काडीमोडीच्या जागी घटस्फोट आला, दत्तकाचं सगळं लिहून ठेवलं गेलं. फार चांगलं झालं. पण मला हा धंदा ज्या माणसांनी दिला त्यांचं ऋण ह्या जन्मात फिटायचं नाही. एक बाई पोर हातची जाईल हे दिसत असताना सासूचं नाव घेऊ देत नाही, आणि ती सासू न बोलावता उठून उभी राहते. एवढं बघायला मिळाल्यावर मी जमिनीचे दावे कशाला लढू?

पण गोष्ट तिथं संपली नाही. कोर्टाबाहेर दाजीबानं बैल जुंपले, गाडीत बसला आणि मागं न बघता निघून गेला. राहीबाई रस्त्याच्या कडेला उभी. गिरजाला ज्याची भीती होती तेच झालं. मी काही बोलणार तोच गिरजा पुढं झाली आणि तिचा हात धरला. "आत्याबाई, चला." कायद्यानं आता त्या दोघी एकमेकींच्या कोणीच नव्हत्या. भानुदासच्या गाडीत बसून तिघी तामलवाडीला गेल्या.

पंधरवडा झाला असेल नसेल, सकाळी बैठक उघडली तर ओट्यावर दाजीबा! आत यायला तयार नाही. मीच बाहेर जाऊन बसलो.

"वकीलसाब, दावा लावायचाय."

"कुणावर?"

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "घरच्यांवर. घराला येत न्हाईत."

मला हसू आवरेना, पण त्याचा चेहरा बघून आवरलं. "तुमचे वकील आहेत की."

"त्यो हारला न्हवं का."

असा दावा असतो. नांदायला येत नाही म्हणून नवऱ्यानं बायकोवर लावायचा. फैसलाही बहुतेक त्याच्या बाजूनं लागला असता. मी म्हणालो, "दाजीबा, मी दावा लावतो, हुकूमही आणून देतो. पण तो कागद तुम्हाला भाकरी करून घालेल का? उद्या चपराशानं त्यांना आणून सोडलं, तर तुम्ही एकमेकांकडं बघणार कसं? हे काम वकिलाचं नाही. तुम्ही स्वतः जा."

"त्या घरात कोण म्हणून जाऊ? सून व्हती तवा सोयरिक व्हती. आता काय नातं?"

"नात आहे की तुमची. आजोबा म्हणून जा."

तो बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत बसला. मग उठला, आणि रामराम घालून गेला. पुढं काय झालं ते भानुदासनं सांगितलं. दाजीबा गेला, मंजुळाला मांडीवर घेतलं, चहा प्यायला, पण आल्याचं कारण काही त्याच्या तोंडून बाहेर पडेना. राहीबाईच म्हणाली, "येळअमुशाला शेतात येते. गिरजा आन् पोर दोघी माझ्यासंगं येतील. पुढचं पुढं बघू."

आमच्या भागात वेळअमावास्येचं मोठं अप्रूप. सगळा गाव शेतात. उभ्या ज्वारीत कडब्याची खोपटीसारखी कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मातीच्या भांड्यातली थंडगार आंबील. परक्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या वर्षी दाजीबाचं मला आमंत्रण आलं. मी गेलो. राहीबाई वाढत होती, गिरजा तिच्या हाताशी. दोघींच्या हातांना काही सांगावं लागत नव्हतं. मारुती बार्शीहून आलाच नव्हता. दाजीबानं मंजुळाला खांद्यावर घेतलं आणि आंबील शिंपडत आरोळ्या देत शेताला फेरी घातली. प्रत्येक आरोळीला पोरगी वरून किंचाळून साथ देत होती. गिरजाला काय म्हणून हाक मारावी हे त्याला सुचत नसावं. दिवसभर तो "मंजुळाची आई, जेवली का" असंच विचारत राहिला. तीही "व्हय, मामांजी" म्हणत राहिली. मी एवढी भज्जी खाल्ली की परतायची सोय उरली नाही, मुक्काम बेंबळीलाच केला.

सकाळी भानुदासची गाडी तयार झाली. गिरजा पोरीला घेऊन चढली. आणि तिच्या मागोमाग राहीबाईही चढली, गाठोडं काखेत घेऊन. दाजीबा बैलाच्या वेसणीला धरून उभा. मी जरा लांब होतो, पण ऐकू येत होतं. अख्ख्या पंचक्रोशीला निवाडा सांगणारा तो माणूस वेसणीची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"येशील न्हवं माघारी?" तो शेवटी म्हणाला.

राहीबाईनं पदर कपाळावरून जरा मागं सारला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं.

"यील," ती म्हणाली. "ह्या येळी इचारलंत, म्हणून यील."